कुकडीकाठची राख

मी 1999 च्या दहावीच्या बॅचचा. शाळेच्या महोत्सवानिमित्त शाळेबद्दल लिहायचं तर गॅदरिंग, कबड्डी सगळंच आहे पण मला लिहायचंय ते नववीत भूगोलाच्या सरांनी पुणे जिल्ह्यातल्या बोरीला, कुकडी नदीच्या काठी नेलं होतं त्या दिवसाबद्दल. भाकरी-ठेचा बांधून घेऊन आम्ही सहल समजूनच निघालो होतो. दरडीत पांढरट थर दिसला, तो मला नवीन नव्हता, आमची आजी तीच माती आणून पितळेची भांडी घासायची. सर म्हणाले ही माती नाही, ज्वालामुखीची राख आहे. बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ, जिभेवर ठेवली की कचकच, कारण त्यात काचेचे बारीक कण असतात. आपल्याकडचा लाव्हा तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला, मग ही राख आली कुठून?

त्याच भागात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्यात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्ववाल्या लोकांनी तिथे बरंच काम केलंय. मी विचारलं, सर डायरेक्ट कुऱ्हाडीचंच वय का नाही काढत? सर म्हणाले, "अरे दगड साडेसहा कोटी वर्षांचाच निघणार. आपल्याला दगडाचं वय नकोय, त्यावर घाव कधी घातला ते हवंय." म्हणून कुऱ्हाडींजवळच्या राखेचं वय काढायचं. जुन्या लाकडाहाडांचं वय ज्यावरून काढतात तो कार्बन-14 इथे कामाचा नाही, तो साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच पुरतो. राखेत पोटॅशियम असतं, त्याचा हळूहळू आर्गॉन वायू होतो, लाव्हा वितळलेला असताना आधीचा आर्गॉन निघून जातो म्हणजे घड्याळ शून्यापासून सुरू होतं, साठलेला आर्गॉन मोजला की वय कळतं. पण नदीने वाहून आणलेल्या राखेत एखादा जुना खडा मिसळला तरी वय भलतंच वाढतं, आणि राख कुऱ्हाडींच्या आधी साठली की नंतर हे थर नीट वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर तीन आकडे लिहिले. 14 लाख, 6 लाख 70 हजार आणि 75 हजार वर्षे. पहिले दोन आर्गॉनवरून काढलेले, तिसरा काचेच्या कणांच्या केमिस्ट्रीवरून, ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या मोठ्या स्फोटाशी जुळते असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. तिन्ही एकाच राखेचे! परीक्षेत कुठला लिहायचा असं कुणीतरी विचारलं तर सर म्हणाले तिन्ही लिहा, आणि कसा काढला तेही लिहा. पुढे मी जिऑलॉजी घेतलं ते त्या फळ्यामुळेच.

आमच्या बॅचने आणलेल्या राखेची बरणी शाळेच्या लॅबमध्ये अजून आहे, गेल्या दिवाळीत पाहिली, चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात नुसतं "14 लाख वर्षे" आहे, ती ट्रिपच्या दिवशीच घाईत चिकटवलेली. महोत्सवाच्या प्रदर्शनात बरणी ठेवणार असाल तर ती चिठ्ठी काढा प्लीज, तिन्ही आकडे आणि प्रत्येकाची पद्धत लिहिलेली नवीन चिठ्ठी मी घेऊन येतोय.