मेल्या नाहीत, म्हाताऱ्या झाल्या

परळच्या एका लॅबमध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या सेल्सवर काम करते मी, आणि तिथल्या एका दिवसाबद्दल कधीचं लिहायचं होतं. एमसीएफ-सेव्हन या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या ब्रेस्ट कॅन्सरच्या सेल्सना आम्ही डॉक्सोरुबिसिन दिलं होतं, म्हणजे तेच, ज्याला वॉर्डात लाल केमो म्हणतात. डोस मुद्दाम कमी. एक दिवस औषध, मग धुऊन साधा मीडिया, म्हणजे सेल्सचं पातळ खाणं, घालायचा आणि पाचसहा दिवस नुसती वाट बघायची.

त्या दिवशी आमची नवीन ज्युनिअर तोंड पाडून आली, ताई, औषध चाललंच नाही, सेल्स सगळ्या चिकटूनच आहेत. तिची चूक नव्हती, मेलेल्या सेल्स गोल होतात, सुटतात आणि मीडियात तरंगतात, आणि इथे तरंगणाऱ्या अगदीच थोड्या होत्या. मी आधी कंट्रोलची, म्हणजे औषध न दिलेली, प्लेट लावली मायक्रोस्कोपखाली, ती दादरच्या ब्रिजवर संध्याकाळी सातला असते तशी गच्च. मग औषधाची. सेल्स मोजक्या, लांब लांब, पण एकेक केवढी! पसरलेल्या, चपट्या, काहींमध्ये दोन-दोन न्यूक्लियस. आठवड्याभरात एकीनेही डिव्हाइड व्हायचं नाव घेतलं नव्हतं.

आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, गॅल स्टेन करून बघ. म्हणजे म्हाताऱ्या, जिवंत असून डिव्हाइड व्हायचं सोडलेल्या सेल्सना निळं करणारी टेस्ट. 1995 पासूनची पद्धत आहे ही. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम सेलच्या लायसोसोममध्ये, म्हणजे तिच्या कचरा पचवणाऱ्या पिशव्यांमध्ये असतंच, पण ते आम्लात चांगलं चालतं, पीएच 6 ला, म्हणजे कमी आम्लात, दिसण्याइतकं काम करायचं तर त्याचा भरपूर साठा लागतो आणि म्हाताऱ्या सेल्समध्ये तो असतो. प्लेट रात्रभर 37 डिग्रीला ठेवायची, तीही कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये, नाहीतर पीएच उतरतो आणि रंगावर भरवसा राहत नाही. सकाळी बघितलं तर कंट्रोल जवळपास कोरी, आणि औषधाच्या प्लेटमध्ये त्या मोठ्या सेल्स निळ्याशार, न्यूक्लियसच्या भोवती तर दाट निळ्या. ज्युनिअर कितीतरी वेळ मायक्रोस्कोप सोडेना.

होतं काय, की डॉक्सोरुबिसिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-टू या एन्झाइमला अडकवतं, डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, मग पी-53 हे राखणदार प्रोटीन जागं होतं, त्याच्यामुळे पी-21 हे दुसरं प्रोटीन वाढतं आणि सेल सायकलला ब्रेक लागतो. मार जबर असेल तर सेल मरते, मध्यम असेल तर बरेचदा अशी थांबून राहते. हेफ्लिक या शास्त्रज्ञाने 1961 मध्ये दाखवलं होतं की नॉर्मल सेल्स साधारण पन्नासेक वेळा डिव्हाइड होऊन थांबतात, कॅन्सरची सेल ती मर्यादा चुकवूनच कॅन्सर झालेली असते, आणि तिलाच आठवड्याभरात म्हातारपण आणता येतं हे डोळ्यांनी बघणं मला अजूनही थोर वाटतं.

पण नुसतं खूश होऊन चालत नाही. या सेल्स जिवंत असतात, आयएल-6, आयएल-8 असली सिग्नल देणारी प्रोटीन्स बाहेर सोडत राहतात, त्याने सूज येते, शेजारच्या कॅन्सर सेल्सना बळही मिळू शकतं, आणि काही सेल्स नंतर पुन्हा डिव्हाइड व्हायला लागल्याचंही लॅबमध्ये दिसलेलं आहे. पेशंटच्या गाठींच्या नमुन्यांतही केमोनंतर हा निळा रंग सापडलेला आहे, म्हणजे हा फक्त प्लेटमधला खेळ नाही. आमच्या रस्त्याला फुटपाथवर मुक्काम टाकलेले पेशंटचे नातेवाईक रोज दिसतात, त्यांचा एकच प्रश्न असतो, गाठ गेली का. गाठ वाढली नाही पण गेलीही नाही, असं उत्तर मिळालं की त्यांचे चेहरे बघवत नाहीत. दर वेळी त्यामागे हेच असतं असं अजिबात नाही, आणि कृपा करून हे वाचून कोणी केमो थांबवू नका, वाढ थांबणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, बाकी डॉक्टरांनाच विचारा.

मला मात्र वाटतं की केमोने थांबवलेल्या या सेल्स नंतर वेगळ्या औषधाने काढता आल्या पाहिजेत, आणि जगभर त्यावर काम चालू आहे. त्यातलं नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध आम्ही याच प्लेट्सवर लावायचं ठरवलंय. त्याने रक्तातल्या प्लेटलेट्स पडतात, म्हणून पेशंटपर्यंत नेणं अवघड, ते मी मॅडमना म्हटलं तर म्हणाल्या, आधी प्लेटमधल्या तर मारून दाखव, कंट्रोलच्या नाही, फक्त निळ्या.