आमची वाटचाल: वॅक्स, सीलंट की सिरॅमिक?

2015 च्या सिंहस्थाच्या तोंडावर आम्ही नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ साधं वॉशिंग सेंटर टाकलं. एक रॅम्प, एक प्रेशर पंप, फोमचा सिलिंडर आणि बोअरचं पाणी. महामार्ग जवळ, अंबडची औद्योगिक वसाहत जवळ, त्यामुळे गाड्यांना तोटा नव्हता. आज त्याच जागी बंद हॉलमध्ये डिटेलिंगचं, म्हणजे गाडीचा रंग उजळवून जपण्याचं, काम चालतं. वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक हे तिन्ही त्या रंगावर द्यायचे संरक्षक थर. दारात येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "भाऊ, सिरॅमिक करून टाकू का?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं ठरवलं, तेव्हापासून आमचा धंदा वेगळ्या रस्त्याला लागला.

आम्हाला रंग शिकवला तो गाड्यांच्या कारखान्यातल्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी. नाशकात अशी माणसं आहेत, हे या शहराचं भाग्य. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं तोच झेलतो. रबिंग मारून चकाकी आणताना खरवडला जातो तोही हाच. काका म्हणायचे, "मशीन लावण्याआधी जाडी मोजा." आम्ही वॅक्सचा डबा घेण्याआधी जाडी मोजायचं गेज घेतलं. ती आमची पहिली मोठी खरेदी, आणि आजही मी तिला सगळ्यात शहाणी खरेदी म्हणतो.

मग वॅक्स आलं. चांगलं वॅक्स कार्नोबाचं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण येतं. ते 82 ते 86 अंशांना वितळतं, मेणांमध्ये ते कठीण मानलं जातं. गडद रंगावर याची जी ओलसर, खोल झळाळी येते ती मला अजून दुसऱ्या कशात दिसलेली नाही. पण नाशिकचा एप्रिल-मे आणि शाम्पूचे दोन-चार हात यापुढे ते फार टिकत नाही. महिना, फार तर दोन. कॉलेज रोडवरचे एक निवृत्त सर आपली जुनी गाडी दर महिन्याला स्वतः वॅक्स करतात. त्यांनी सिरॅमिकचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सर, तुमचा रविवारचा आनंद कशाला घालवता?" त्यांची गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये असते आणि हात लागतो तो त्यांचाच. तिथे वॅक्सहून चांगलं काही नाही.

सीलंट म्हणजे कारखान्यात बनलेलं पॉलिमर. वॅक्सइतकी खोली देत नाही, पण चार-सहा महिने टिकतं आणि खिशाला परवडतं. याची खरी किंमत आम्हाला द्राक्षवाल्यांनी दाखवली. पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडच्या गाड्या यायच्या त्या अंगभर निळसर-पांढरे ठिपके घेऊन. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण ब्लोअरने मारताना वारा फिरला की बांधावर उभ्या गाडीवर तुषार बसतात. चुना वाळून धरला की कोरड्या फडक्याने तो पुसायला जाणं म्हणजे रंगावर सँडपेपर फिरवणं. सीलंट केलेल्या गाडीवरून तेच ठिपके भरपूर पाणी आणि शाम्पूने बरेचसे सुटतात. ऑक्टोबर छाटणीच्या आधी एक हात आणि माल गेल्यावर दुसरा, हे वेळापत्रक आम्ही ठरवलेलं नाही, शेतकऱ्यांनीच ते बसवलं.

सिरॅमिक कोटिंगवर मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे पैसा जास्त जातो आणि थापाही जास्त चालतात. हे सिलिकावर आधारलेलं द्रव असतं. क्लिअर कोटला घट्ट चिकटतं आणि कडक होतं. थराची जाडी मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या घरात. जाहिरातीत जे '9 एच' लिहितात ते पेन्सिलच्या कसोटीचं माप आहे, म्हणजे कोणत्या कडकपणाच्या पेन्सिलने चरा उमटतो एवढंच ते सांगतं. कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या टायरखालून उडालेला खडा त्याने अडत नाही. खडा अडवायचा तर पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म लावावी लागते, तो वेगळा खर्च. कोटिंगचं काम वेगळं आहे. धूळ, चिखल, समृद्धी महामार्गावर संध्याकाळी आपटणारे किडे, विष्ठेतलं आम्ल हे रंगात मुरायच्या आत सहज धुऊन निघावं, एवढं ते करतं. नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं करतं.

आणि इथेच पाण्याचा मुद्दा येतो. नाशकात अनेक सोसायट्यांत गाडी बोअरच्या पाण्यानेच धुतली जाते, आणि ते पाणी जड असतं. कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे थेंब गोल, उभे राहतात. बघायला सुंदर दिसतं. पण तेच थेंब उन्हात वाळले की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एकाच जागी गोळा होतात आणि पांढरी वर्तुळं उमटतात. ताजी असतील तर सौम्य आम्लाच्या क्लीनरने जातात, बॉनेटवर दिवसेंदिवस भाजली गेली तर पॉलिशिंगशिवाय सुटत नाहीत. सकाळी सहाला बादलीभर पाणी मारून पुढच्या गाडीकडे धावणारा मुलगा, आणि नऊ वाजता त्या गाडीवर येणारं ऊन, हे रोजचं चित्र असेल तर महागड्या कोटिंगपेक्षा सीलंट आणि सुकवायला एक चांगला जाड मायक्रोफायबर टॉवेल जास्त उपयोगी पडतो. असं सांगून आम्ही बरीच मोठी कामं परत पाठवली आहेत. त्यातले कित्येक जण पुढे टॉवेल घ्यायला आले, मग सीलंटला, आणि नंतर भावाची गाडी घेऊन.

म्हणून आमच्याकडे दरपत्रकाच्या आधी चौकशी असते. गाडी रात्री कुठे उभी राहते? झाडाखाली का, कोणत्या झाडाखाली? धुतं कोण, कुठल्या पाण्याने? गाडी किती वर्षं ठेवायची? दीड वर्षात विकायची असेल तर सिरॅमिकचे पैसे वसूल होत नाहीत. नवीन गाडी, रोजचं इगतपुरी-मुंबई, स्वतः काळजीने धुणारा मालक असेल तर मात्र मी हात राखून बोलत नाही, "करून घ्या" असंच सांगतो.

कामाची पद्धत आम्ही कधी आखडली नाही. आधी धुणं, मग लोहकण विरघळवणारं रसायन. ते जांभळं पडायला लागलं की ब्रेकची भुकटी किती रुतली आहे ते ग्राहकाला दिसतं. मग क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, मग लागेल तेवढंच पॉलिशिंग, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढणं. त्याशिवाय कोटिंग धरत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत कोटिंग पटकन आवळतं आणि पुसायला उशीर झाला तर डाग राहतात, म्हणून तेव्हा एका वेळी छोटा भागच घेतो. डिसेंबरच्या थंडीत उलट थांबावं लागतं. ही नजर आमच्या पोरांना पुस्तकाने आलेली नाही, पॅनेलवर वाकून वाकून आली आहे, आणि त्यांचा मला अभिमान आहे.

'आयुष्यभराची गॅरंटी' आम्ही लिहीत नाही. बिलावर लिहितो ते एवढं: पहिले चोवीस तास पाणी नाही, पहिला आठवडा शाम्पू नाही, आणि सहा महिन्यांनी एकदा दाखवायला आणा, त्याचे पैसे नाहीत. आता पुढच्या सिंहस्थाची गर्दी येतेय. त्याआधी धुण्याच्या पाण्याला सॉफ्टनर बसवतो आहोत, कारण ग्राहकाला पाण्याचं सांगायचं आणि आपण बोअरचं मारायचं हे आम्हाला पटत नाही.

पहिल्यांदा येणार असाल तर एक विनंती. गाडी धुऊन आणू नका. आठवड्याभराच्या धुळीसकट, ठिपक्यांसकट आणा. कुठे पाणी वाळलंय, कुठे कोरडं फडकं फिरलंय ते त्यातच दिसतं, आणि काय लावायचं ते त्यावरून ठरवणं सोपं जातं.