तबकडीच्या कडेची पट्टी

‘ज्या चित्रफिती आता इंटरनेटवर फुकट आणि कितीतरी स्पष्ट पाहायला मिळतात, त्यांच्यासाठी हेवी मेटलच्या, म्हणजे कानठळ्या बसवणाऱ्या रॉक संगीताच्या, जुन्या सीडी कशाला जमवता? त्यांतल्या निम्म्या तर संगणकावर धड उघडतही नाहीत.’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून सांगतो. तक्रारीचा दुसरा भाग खरा आहे आणि माझा जीव नेमका त्यातच अडकला आहे.

गाण्यांबरोबर संगणकावर पाहायच्या चित्रफितीही असलेली अशी सीडी उलटी करून दिव्याखाली तिरकी धरली, की चकाकत्या बाजूवर एक बारीक वर्तुळ दिसते. सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते. त्यामुळे वर्तुळाच्या आत गाणी असतात आणि बाहेर, कडेच्या पट्टीत, संगणकासाठीचा डेटा. 1995 मध्ये आलेल्या ‘ब्लू बुक’ या मानकाने ही मांडणी पक्की केली. त्याआधी काही तबकड्यांत डेटा थेट पहिल्या ट्रॅकवर असे आणि साधा प्लेअर त्यालाच गाणे समजून वाजवू लागला, की स्पीकर फाटतील असा कर्कश आवाज येई. (मेटलच्या श्रोत्याला तो फारसा वेगळा वाटला नसेल, हा विनोद मी अनेकदा ऐकला आहे.) ब्लू बुकने डेटा दुसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे तबकडीवरच्या वेगळ्या खंडात, नेला आणि घरातला प्लेअर पहिल्या सेशनपलीकडे पाहतच नसल्यामुळे तो त्रास संपला.

या वर्तुळाची किंमत मात्र मोजावी लागते. दोन सेशनांच्या सांध्यात सुमारे अडीच मिनिटांची, म्हणजे 22 मेगाबाइटांच्या आसपासची जागा वाया जाते. तबकडी 74 मिनिटांची आणि अल्बम 45 मिनिटांचा असेल, तर मिनिटाला 9 मेगाबाइट या हिशेबाने जेमतेम 240 मेगाबाइट हाती उरतात. अल्बम 70 मिनिटांचा असेल, तर 13. लांबलचक अल्बम काढणाऱ्या बँडच्या सीडीवर चार छायाचित्रे आणि केव्हाच बंद पडलेल्या संकेतस्थळाचा दुवा एवढेच का सापडते, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. असल्या सीडी मी केवळ गाण्यांसाठी ठेवतो.

आयर्न मेडन या मेटल बँडने 1998 मध्ये आपले आधीचे अल्बम रीमास्टर करून, म्हणजे त्यांचा आवाज नव्याने सुधारून, पुन्हा काढले, तेव्हा मात्र ही कडेची पट्टी मनापासून वापरली. चित्रफिती, छायाचित्रे, गीतांचे शब्द, दौऱ्यांची माहिती असे बरेच काही त्यांत होते. शिवाय 1982 च्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’मध्ये तेव्हा वगळलेले ‘टोटल इक्लिप्स’ हे गाणेही घातले गेले. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘एड हंटर’ हा संग्रह आला, ज्यात निवडक गाण्यांच्या जोडीला चक्क एक व्हिडिओ गेम होता. मेटालिका या दुसऱ्या मेटल बँडच्या ‘सेंट अँगर’ अल्बमबरोबर 2003 मध्ये तालमीच्या चित्रीकरणाची वेगळी डीव्हीडी आली. अशी सोय झाल्यावर कडेच्या पट्टीत कोंबाकोंबी करण्याचे कारण उरले नाही.

चित्रफिती आज कुठेही मिळतील, हे मला मान्य आहे. पण मेनूवर कोणती कळ कुठे ठेवायची, ती दाबल्यावर कोणता आवाज यावा, श्रोत्याने आधी छायाचित्रे पाहावीत की गीते वाचावीत, हे कोणीतरी बसून ठरवले होते, आणि ती रचना तबकडीबाहेर क्वचितच कुठे राहिली आहे. गाणी अजून कोणत्याही प्लेअरवर वाजतात. आधी मरतो तो डेटा. बऱ्याच सीडींवरचे प्रोग्रॅम जुन्या 16 बिटांच्या पद्धतीचे आहेत आणि आजची 64 बिटांची विंडोज ते चालवत नाही. चित्रफिती दाखवणाऱ्या ज्या क्विकटाइम प्रोग्रॅमवर त्या अवलंबून होत्या, त्याची विंडोजसाठीची आवृत्ती ॲपलने 2016 मध्ये वाऱ्यावर सोडली.

म्हणून मी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज 98 बसवली. सीडींवरच्या डेटाच्या आयएसओ प्रती, म्हणजे एकाच फाइलमधल्या नकला, करून ठेवण्याचा उद्योगही बरीच वर्षे केला. एक दिवस त्यातलाच एक मेनू उघडला, चित्रे हलली, कळा दबल्या, पण आवाज नाही. त्या मेनूमागचे संगीत डेटात नव्हतेच. प्रोग्रॅम तबकडीवरचाच गाण्याचा ट्रॅक वाजवत होता आणि माझ्या आयएसओमध्ये फक्त दुसरे सेशन उतरले होते. इतक्या वर्षांच्या प्रती अर्ध्याच निघाल्या. आता दोन्ही सेशन नीट उतरवून घेण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून चालू आहे.

तो मुका मेनू मात्र डोक्यातून जाईना. शेवटी एक जुना संगणक मिळवला. त्याच्या सीडी ड्राइव्हमधून गाण्याचा आवाज साउंड कार्डपर्यंत नेणारी चार पिनांची बारीक तार कोणीतरी काढून टाकलेली होती; ती शोधण्यात आणखी काही आठवडे गेले. तार बसवली, मूळ तबकडी आत सरकवली, ड्राइव्ह थोडा वेळ घरघरला आणि मेनूच्या मागून गिटार वाजू लागली.