घड्याळात १६ सेकंद बाकी

अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचा फुटबॉल बघायचा असेल तर २०२२ च्या फायनलपासून सुरुवात करा, असं मी भेटेल त्याला सांगते. यूसीएलए (कॅलिफोर्नियातली युनिव्हर्सिटी) विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी. पाऊण मॅच उलटून गेली तरी गोल एकाच बाजूने, नॉर्थ कॅरोलायना २-० ने पुढे, दोन्ही एव्हरी पॅटरसनचे. आणि ही टीम साधीसुधी नाही हं, तेव्हाच त्यांच्या नावावर एनसीएएची, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या संघटनेची २१ विजेतेपदं होती, १९८६ ते १९९४ तर सलग नऊ, अमेरिकेची नावाजलेली खेळाडू मिया हॅम इथूनच खेळून पुढे गेली. मग ८० व्या मिनिटाला यूसीएलएने एक गोल फेडला आणि अगदी शेवटी रायलिन टर्नरच्या हेडरने दुसरा, तेव्हा घड्याळात फक्त १६ सेकंद उरले होते! एक्स्ट्रा टाइममध्ये १०७ व्या मिनिटाला मारिकार्मेन रेयेसने तिसरा मारला, ३-२. यूसीएलएची कोच मार्गरिट अओझासाचं हेड कोच म्हणून ते पहिलंच वर्ष.

आता १६ सेकंद इतकं नेमकं कसं कळलं, तर तिथे कॉलेजच्या मॅचला घड्याळ उलटं चालतं. ४५ वरून खाली खाली येत शून्य झालं की हाफ संपला, रेफरी वरून काही मिनिटं वाढवून देत नाही, मधे थांबायचं असेल तर घड्याळच थांबवतात. त्यामुळे मैदानावरच्या प्रत्येक मुलीला माहीत असतं की आपल्याकडे किती वेळ उरलाय, आणि ते बघताना आपलाच जीव वर खाली होतो.

त्याच २०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या नवी मुंबईत, नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमवर महिलांच्या एशियन कपची फायनल झाली होती, तीही अशीच, चीन ०-२ ने मागे, मग बरोबरी आणि विजयी गोल इंज्युरी टाइममध्ये. स्टेडियम घरापासून जवळ आणि मॅच मात्र आम्ही टीव्हीवर बघितली. कोविडमुळे आपल्या मुलींना त्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं होतं, ते अजूनही लागतं मनाला.

पण मला फायनलपेक्षाही जास्त आवडतात त्या आधीच्या फेऱ्या. ऑगस्टमध्ये सीझन सुरू होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्रत्येक कॉन्फरन्सची, म्हणजे कॉलेजांच्या गटाची आपापली स्पर्धा उरकते, मग ६४ टीम निवडतात. कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना थेट प्रवेश, बाकीच्यांना कमिटी सीझनभरचा खेळ बघून घेते. तिथून पुढे सरळ नॉकआउट, एक हरलात की घरी. बरोबरी झाली तर दहा दहा मिनिटांचे दोन एक्स्ट्रा टाइम आणि तरीही नाही सुटली तर पेनल्टी. २०१९ ला स्टॅनफर्ड अशीच पेनल्टीवर जिंकली आणि २०२१ ला फ्लोरिडा स्टेट पण, दोन्ही फायनल ०-० सुटलेल्या. शेवटच्या चार टीमच्या फेरीला कॉलेज कप म्हणतात. आणि सुरुवातीच्या मॅच कुठे, तर वरचं मानांकन असलेल्या टीमच्या कॉलेजच्या मैदानावरच, म्हणजे हॉस्टेलच्या मैत्रिणी, प्रोफेसर, गावातली लहान मुलं सगळे येऊन बसतात. ज्या पोरीला तुम्ही कँटीनमध्ये बघता ती संध्याकाळी तुमच्यासमोर देशाच्या स्पर्धेत खेळतेय, याची किंमत मोठ्या स्टेडियममधल्या फायनलला पण येत नाही असं मला मनापासून वाटतं.

माझी भाची सीबीडी बेलापूरच्या एका कॉलेजमधून डिफेंडर खेळते. तिची इंटरकॉलेज पण नॉकआउटच असते, पण आधी सीझन नावाचं काही नसतंच, पहिल्या मॅचला हरलं की वर्ष संपलं, मग फक्त टर्फवर पैसे भरून आपापसात खेळायचं. ती म्हणते, मावशी हरण्याचं काही नाही गं, पण अजून दहा मॅच तरी मिळाल्या पाहिजेत ना आधी. अगदी बरोबर बोलते ती. तिकडे एका टीमला नॉकआउटच्या आधी पंधरा-सोळा मॅच तरी सहज मिळतात, १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलींच्या खेळाला कॉलेजात जागा द्यावी लागली आणि १९८२ पासून ही एनसीएएची स्पर्धा चाललीय. आपल्याकडे पैसा तेवढा नाही, मान्य, पण ठाणे ते पनवेल इतकी कॉलेजं आहेत, बरीचशी लोकलच्या ट्रान्स हार्बर आणि हार्बर लाईनवर, पावसाळा संपल्यावर शनिवारी एकमेकांच्या मैदानावर जाऊन नुसती लीग खेळायची म्हटली तरी प्रवास तासाभराचा. मैदान नसेल तिथे टर्फ घ्यावं, सातजणींची मॅच का होईना. यातलं कोणाला जमवायचं असेल, स्पोर्ट्स टीचर असाल किंवा कॉलेजात खेळत असाल, तर खाली कमेंट करा, भाचीची टीम यायला तयार आहे आणि शनिवारी मैदानावर रेषा आखायला, पाणी भरायला मी येते.