जेल लावून झालं होतं

वरुडला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की खांदे-कंबरांची रांग लागते. त्यात एक दिवस सत्तरीतले आबाजी आले, उजवा खांदा आखडलेला. "बीपी, शुगर, काही ऑपरेशन?" मी नेहमीसारखं विचारलं.

"काही नाही जी."

जेल लावलं, अल्ट्रासाऊंडचं, म्हणजे ध्वनिलहरींनी आतून शेक देणाऱ्या यंत्राचं, हेड उचललं, 1 मेगाहर्ट्झ लावला. सदरा बाजूला सारताना छातीच्या वरच्या भागात, कातडीखाली, काहीतरी टणक, चपटं बोटांना लागलं.

"ते डोक्याचं मशीन हाय. लेकानं पुण्याले बसवलं. हात लय कापे ना."

डीबीएस! डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूला विजेचे हलके झटके देऊन कंप आवरणारं यंत्र. छातीत बॅटरी, मानेतून वर चढलेली तार, टोक थेट मेंदूत. अशा माणसाला डायथर्मी, म्हणजे विजेच्या लहरींचा खोल शेक, वर्ज्य, उपचाराचा अल्ट्रासाऊंडही वर्ज्य, अंगावर कुठंही. ऊर्जा तारेवाटे मेंदूपर्यंत पोचून तिथल्या पेशी भाजू शकतात. परीक्षेत हे मी लिहिलं होतं, आणि इथं जेल चोपडून बसले होते. ऑपरेशन म्हणजे पोटाचं, हा आबाजींचा हिशेब. पण आधी सदरा उतरवून बघायचं काम माझं होतं.

जेल पुसलं, नुसते व्यायाम दिले. बॅटरी संपली की छाती पुन्हा उघडावी लागते, हे आबाजींना माहीत होतं. "मोटारीले लाइन रात्रीची भेटते, याले मात्र चोवीस तास," म्हणाले.

रात्री झोप लागेना, म्हणून वाचत बसले. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी 2016 मध्ये उंदरांच्या नसेवर आणि स्नायूवर जेमतेम 3 मिलिमीटर लांबीचा कण बसवला. नाव न्यूरल डस्ट. ना बॅटरी, ना तार. बाहेरून 1.85 मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाऊंड सोडायचा, कणातला स्फटिक थरथरून वीज करतो. नसेत संदेश आला की परतणारा प्रतिध्वनी बदलतो, तो बाहेर वाचायचा. माझ्या हेडमध्येही स्फटिकच, फक्त विजेचं कंपन करणारा. ज्या लहरींनी सकाळी घाम फोडला, त्याच तिथं दाणापाणी! मेंदूचं घोडं मात्र कवटीपाशी अडतं. हाड या लहरी गिळतं. म्हणून 2013 च्या मूळ कल्पनेत कवटीच्या आत आणखी एक यंत्र होतं, त्याला रेडिओलहरींनी वीज.

पुढच्या खेपेला आबाजींना हे सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजे वीज बाहेरून? अन् लाइन गेली तं?"

"तर कणही बंद, आबाजी."

"मंग वरुडात नाही जमत ते."