६४१ ने भाग जाणारी संख्या

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सर्व गुरुजनांना वंदन. वर्गात शिकलेले घातांक, बाकी आणि मसावि किती दूर नेतात, हे एका संख्येवरून इथे मांडतो. ती संख्या ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १.

३, ५, १७, २५७, ६५५३७ या मालिकेत २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढतो आणि शेवटी १ मिळवायचा असतो. अशा सर्व संख्या मूळ असाव्यात, असे मत फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये पत्रांतून मांडले. या पाच मूळ आहेतच. सहावी आपली, तिला ६४१ ने भाग जातो हे १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलर यांनी दाखवले.

सरळ भागाकार करायचा तर वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित वर, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्या साडेसहा हजारांहून जास्त. पण प हा मूळ विभाजक असेल, तर २ च्या ३२ व्या घाताला प ने भागून बाकी −१ (म्हणजे प ला १ कमी) येते आणि ६४ व्या घाताला प्रथमच १. २ च्या प−१ व्या घाताची बाकीही १ असते. म्हणून प−१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. पुढे फ्रेंच गणिती ल्युका यांनी तो १२८ नेही जातो हे सिद्ध केले. आता यादी उरते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांतल्या १२९, ३८५, ५१३ मूळ नाहीत. २५७ मालिकेतलीच आहे, आणि या मालिकेतल्या कोणत्याही दोन संख्यांचा मसावि १ असतो, म्हणून तीही बाद. करून पाहायचा पहिलाच भागाकार ६४१ चा!

तोही टाळता येतो, आणि मला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. ६४१ = ५×१२८+१, म्हणून ५ गुणिले २ चा ७ वा घात यांची बाकी −१. दोन्हींचा चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण ६४१ = ६२५+१६ सुद्धा आहे, म्हणून ६२५ ऐवजी −१६ लिहा. उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. झाले.

दुसरा अवयव ६७,००,४१७. त्याचे वर्गमूळ २५८८ च्या आसपास, म्हणून ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढेच तपासायचे. बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२ येते, म्हणजे तो मूळ आहे. गुणाकाराला नवाचा ताळा लावा, म्हणजे अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा: दोन अवयवांचे २ आणि ७, २×७=१४, म्हणजे ५; आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ५९, तीही ५. मात्र अंकांची अदलाबदल झाली असेल तर हा ताळा ती पकडत नाही.

संगणकावर करताना ३२ बिटांचा चल (ज्यात ३२ द्विमान अंकांपुरतीच जागा असते) घेऊ नका, त्यात ही संख्या १ होऊन बसते. फर्मांची मूळपणाची चाचणीही (पायाचा, संख्येहून १ ने कमी एवढा घात घेऊन बाकी १ येते का ते पाहणे) २ हा पाया घेतला तर फसते आणि बाकी १ च दाखवते. पाया ३ घ्यावा.

संख्येतून २ वजा केल्यास ४,२९,४९,६७,२९५ येतात, आणि हा मालिकेतल्या पहिल्या पाच संख्यांचा गुणाकार आहे. तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासने तत्त्वतः काढता येतो. विषम बाजूंचा याहून मोठा असा बहुभुज अजून माहीत नाही, कारण अशा बाजूंची संख्या मालिकेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते, आणि मालिकेत पहिल्या पाचांपलीकडे सहावी मूळ संख्या कोणालाही सापडलेली नाही.