तुम्ही विचारलंत म्हणून: ‘दिओताल्लेवी’ म्हणजे काय?

हे माझ्या इटालियन नवऱ्याचं आणि आमच्या लेकीचं आडनाव. सुट्टीला इटलीहून साताऱ्याला आलो की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. कुणी चहा घेता घेता विचारतं, कुणी लेकीच्या पासपोर्टवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत विचारतं. “अगं, हे वाचायचं कसं? अर्थ काय याचा? तिकडे पुष्कळांचं असतं का हे आडनाव?” गेल्या दिवाळीत माझ्या आत्येबहिणीनं, खोलीत दुसरं कुणी नाही असं बघून, हळूच विचारलं, “मी मोबाइलवर बघितलं. टाकून दिलेल्या मुलांना हे आडनाव देत असत म्हणे. खरं का गं?”

तिनं आवाज खाली आणला, तेच मला लागलं. तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत मी काहीतरी तुटक बोलले. आता सगळंच नीट सांगते.

आधी अर्थ. लग्नाआधी नवऱ्याला मी हाच प्रश्न विचारला होता. “देवाशी काहीतरी संबंध आहे,” एवढंच तो म्हणाला. जन्मभर उच्चारलेल्या आडनावाचा अर्थ आपण तरी कुठे शोधत बसतो! मला तो कळला सासूबाईंच्या अंगणात. आमचं घर इटलीच्या मार्के प्रांतात, एड्रियाटिक समुद्रापासून थोडं आत, टेकड्यांवर. सासूबाईंनी कोंबड्या पाळल्या आहेत. एका सकाळी खुराड्यापाशी दाणे टाकताना त्या म्हणाल्या की त्यांनी तीन मुलं आणि शेकडो कोंबड्या ‘आल्लेवारे’ केल्या. मी जागच्या जागी थांबले. आल्लेवारे म्हणजे लहान जिवाला खाऊपिऊ घालून, जपून मोठं करणं. लेकराचं असो की कोकराचं, इटालियनमध्ये क्रियापद एकच. गावाबाहेरच्या कुक्कुटपालनाच्या पाटीवर मी ‘आल्लेवामेन्तो’ रोज वाचत होते आणि घरच्या आडनावात तोच शब्द आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याचं लॅटिन मूळ ‘उचलणं’ या अर्थाच्या धातूत आहे. सुईणीला इटालियनमध्ये ‘लेवात्रीचे’ म्हणतात, तीही त्याच धातूतून आलेली.

आता आडनाव सुटं करून बघा. दिओ, ती, आल्लेवी. दिओ म्हणजे देव, ती म्हणजे तुला, आल्लेवी म्हणजे वाढवो. देव तुला वाढवो. इंग्रजीत सांगायला गेलं की शब्दांची उलथापालथ करावी लागते, मराठीत मात्र शब्दाखाली शब्द तसाच बसतो. ‘वाढवो’मधला तो इच्छेचा ओकारसुद्धा त्यांच्या ‘आल्लेवी’तल्या ईकारात आहे. आणि ‘दिओ’ व ‘देव’ हे तर एकाच मुळाचे शब्द. त्या दिवशी मी आईला फोन करून हे सांगितलं. ती लगेच म्हणाली, “म्हणजे आशीर्वादच आहे की गं.”

आशीर्वादच आहे. आणि असं पूर्ण वाक्य नाव म्हणून ठेवण्याची चाल इटलीत फार जुनी आहे. मध्ययुगात मूल जन्मलं की त्याला शुभेच्छाच नाव म्हणून चिकटवत. दिओतिसाल्वी, देव तुला तारो. दिओताय्यूती, देव तुझ्या मदतीला येवो. बेनवेनुतो, तुझं येणं चांगलं झालं. बोनावेन्तुरा, तुझं बरं होवो. पिसाला झुकता मनोरा बघायला गेलात तर त्याच पटांगणातल्या गोल बाप्तिस्मागृहातही जा. बाराव्या शतकातली ती इमारत ज्यानं उभारायला घेतली, त्याचं नाव आत एका खांबावर कोरलेलं आहे: देओतिसाल्वी, या कामाचा मुख्य कारागीर. कुणा आईबापांनी तान्ह्या लेकराला दिलेला आशीर्वाद साडेआठशे वर्षांहून जास्त काळ दगडावर टिकला आहे.

पुढे संतांची नावं ठेवायची चाल वाढत गेली, आणि ही वाक्यांची नावं मागे पडली. पण त्याच काळात व्यक्तीच्या नावामागे घराण्याचं नाव लावणंही रुळत होतं. सोळाव्या शतकात ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेनं प्रत्येक पॅरिशला, म्हणजे गावोगावच्या चर्चला, बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदवह्या ठेवायला लावल्या. एकदा वहीत उतरलेलं नाव पुढच्या पिढीसाठीही तेच राहू लागलं. कधीकाळच्या एका पूर्वजाचं नाव सगळ्या वंशाचं आडनाव होऊन बसलं.

आपल्याकडे यातलं काय आहे, असं मला विचाराल तर मी पत्रिकेवरच्या ‘चि.’कडे बोट दाखवीन. चिरंजीव म्हणजे पुष्कळ वर्षं जग. लहानांचं नाव लिहिताना आधी आपण त्यांच्या आयुष्याची इच्छा लिहितो, इतक्या सवयीनं की ती इच्छा आहे हेच विसरून जातो. आणि दुसरीकडे आपले धोंडू, दगडू. मुलं जगत नसत त्या घरांत मुद्दाम असं ओबडधोबड नाव ठेवायचे, म्हणजे वाईट नजर या लेकराकडे वळणार नाही. माझ्या पणजोबांचं नाव धोंडी होतं, त्यांच्या आधीची तीन भावंडं गेलेली. एक आई लेकराला दगड म्हणून लपवते, दुसरी देवाच्या ओटीत घालते. भीती दोघींची एकच.

आता आत्येबहिणीच्या प्रश्नाकडे येते.

इटलीत टाकलेल्या मुलांची आडनावं असतात, हे खरं आहे. फ्लॉरेन्सला वास्तुकार ब्रुनेलेस्कीनं आखलेलं इन्नोचेन्ती नावाचं बालकगृह आहे. १४१९ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि १४४५ च्या ५ फेब्रुवारीला तिथं पहिली मुलगी आली. तो संत आगाताचा दिवस होता, म्हणून तिचं नाव आगाता ठेवलं. इन्नोचेन्ती म्हणजे निष्पाप. तिथं वाढलेल्या मुलांच्या पुढच्या पिढ्यांत इन्नोचेन्ती, नोचेन्तीनी अशी आडनावं आली. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर, म्हणून तिथल्या मुलांना १८२५ पर्यंत ‘कोलोम्बो’ आडनाव लावत. रोममध्ये ‘प्रोयेत्ती’, म्हणजे टाकलेले. नेपल्समध्ये ‘एस्पोझितो’, म्हणजे बाहेर ठेवलेला. नेपल्सच्या आनुन्त्सियाता संस्थेच्या भिंतीत एक लाकडी चक्र होतं, अर्धं रस्त्याकडे आणि अर्धं आत. बाळ ठेवायचं, चक्र फिरवायचं, निघून जायचं. ठेवणारीचा चेहरा आतल्या बाईला दिसत नसे. १८७५ मध्ये ते बंद झालं. एस्पोझितो मात्र आज इटलीतल्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. रोस्सी, रूस्सो, फेरारी यांच्या मागोमाग तेच येतं. रोस्सी आणि रूस्सो म्हणजे तांबूस केसांचा किंवा वर्णाचा, फेरारी म्हणजे लोहार.

मी फ्लॉरेन्सला तो बालकगृहाचा संग्रह बघायला गेले तेव्हा लेक पोटात होती. बाहेर कमानींच्या वर निळ्या गोलांत पांढरी बाळं आहेत, आन्द्रेया देल्ला रोब्बियानं घडवलेली, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली, हात पसरलेली. आत एका दालनात छोटे छोटे खण आहेत. खण ओढला की काचेखाली मुलाजवळ सापडलेली वस्तू दिसते. बहुतेक वस्तू अर्ध्या. मधोमध कापलेलं पदक, फुटका मणी, चिठ्ठीचा तुकडा. दुसरा अर्धा आईकडे. कधी परत येता आलं तर दोन अर्धे जुळवून ‘हे माझं’ म्हणता यावं म्हणून. मी चार-पाच खण उघडले, पुढचे उघडवले नाहीत. त्या बाया लेकरांना ‘टाकून’ गेल्या असं मी त्या दिवसापासून म्हणत नाही.

दिओताल्लेवी हेही अशा मुलांना देत असत असं इटलीतले पुष्कळ लोक सांगतात, आणि अर्थ बघितला तर पटण्यासारखं आहे. ज्याला वाढवायला कुणी नाही त्याला देव वाढवो. पण पिसाचा तो कारागीर आठवा. अशी नावं आईबाप असलेल्या, हव्याहव्याशा मुलांनाही सर्रास दिली जात. रिमिनीला तर दिओताल्लेवी नावाचं उमरावांचं घराणं होतं. राफाएलनं तरुणपणी काढलेलं एक चित्र त्यांच्याकडे होतं: मारिया, तिच्याजवळ बाळ येशू आणि बाजूला छोटा योहान. आज ते बर्लिनच्या संग्रहालयात आहे आणि ‘दिओताल्लेवी मादोन्ना’ म्हणूनच ओळखलं जातं. राफाएल उर्बिनोचा, आमच्याच प्रांताचा. तेव्हा नुसतं आडनाव ऐकून हा माणूस चक्रातून आला की हवेलीतून, हे कुणालाही सांगता येणार नाही.

आमच्यापुरतं सांगायचं तर आम्ही शोधलं. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या ‘पूर्वज’ नावाच्या संकेतस्थळावर फुकट ठेवल्या आहेत. एकीकृत इटलीत सरकारी नोंदणी १८६६ पासून सुरू झाली. हिवाळ्याच्या दोन महिन्यांच्या रात्री आम्ही त्या वळणदार शाईच्या ओळी वाचण्यात घालवल्या. नवऱ्याच्या खापरपणजोबांची नोंद सापडली. वडिलांचं नाव आहे, आईचं नाव आहे, धंदा ‘कोलोनो’. म्हणजे दुसऱ्याची जमीन अर्ध्या वाट्यानं कसणारा कूळ. मार्केतली बहुतेक शेती अशीच चालायची, निम्मं पीक मालकाचं. सही करता येत नाही, असं खाली लिहिलेलं. त्याच्या मागची वाट पॅरिशच्या दप्तरात जाते. तिथपर्यंत आम्ही गेलेलो नाही, आणि तिथं चक्र निघालं तरी लेकीला ते मी सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात सांगणार आहे.

कारण हळू आवाजानं इटलीतही फार त्रास दिला आहे. वडील माहीत नसलेल्या माणसाच्या कागदांवर बापाच्या नावाच्या जागी ‘एन. एन.’ अशी दोन अक्षरं असत, म्हणजे ‘नाव ठाऊक नाही’. शाळा, नोकरी, लग्न, सगळीकडे ती पुढे करावी लागत. १९५५ च्या कायद्यानं दाखल्यांवर आईबापांचं नाव लिहिणंच थांबवलं. आज आईबाप माहीत नसलेल्या बाळाला त्याचा जन्म उघड करणारं नाव किंवा आडनाव देता येत नाही, तशी मनाईच आहे. आता नवा एस्पोझितो अशा तऱ्हेनं जन्माला येत नाही.

दुर्मीळ आहे का, हा उरलेला प्रश्न. आहे. इटलीत आडनावं तीन लाखांच्या वर आहेत आणि त्यांतली कितीतरी मूठभर घरांपुरतीच आहेत. तांबूस केसांचा माणूस गावोगाव असतो, लोहारही असतो, म्हणून रोस्सी आणि फेरारी शंभर ठिकाणी वेगवेगळे निर्माण झाले. देव तुला वाढवो हे मात्र थोड्याच घरांत आडनाव म्हणून रुजलं आणि तेवढ्याच वंशांत राहिलं. दिओताल्लेवी मुख्यतः मध्य इटलीत सापडतात. आमचा मार्के, त्याला लागून रिमिनीचा किनारा आणि रोम. मार्केतून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसं जहाजं भरभरून अर्जेंटिनाला गेली. फुटबॉलपटू मेस्सीचे पूर्वजही आमच्याच मार्केतल्या रेकानाती गावचे. त्यामुळे अशी आडनावं तिकडे भेटली तर नवल नाही.

दुर्मीळ आडनाव बुजायला एक पिढी पुरते. घरात फक्त मुली झाल्या की संपलं. नवऱ्याला दोन बहिणी आहेत. त्या लग्नानंतरही दिओताल्लेवीच आहेत, कारण तिथं बाईचं जन्माचं आडनाव कायद्यानं कायम राहतं. माझंही माहेरचं तसंच आहे, गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. पण त्यांच्या मुलांना आडनाव बापांचं लागलं. २०२२ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयानं हे आपोआप बापाचं आडनाव लागणं घटनाविरोधी ठरवलं. आता दोघांची आडनावं मुलाला मिळतात, दोघांनी मिळून एकच ठरवलं नाही तर. लेक त्याच्या पुढच्या वर्षी जन्मली. नगरपालिकेतल्या बाईंनी तिची दोन्ही आडनावं टाइप केली आणि माझ्या ‘कर’चा उच्चार बरोबर करता यावा म्हणून तीनदा म्हणून बघितलं. मग मला अर्थ विचारला. “त्या गावचे,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “एक आडनाव कुठून आली ते सांगतंय आणि एक तिचं कसं व्हावं ते.”

या खेपेला आईनं नातीसाठी चांदीची वाटी केली. नाव घालायला आम्ही सराफाकडे गेलो. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. नाव घालणाऱ्या काकांनी चष्मा सरकवून ‘दिओताल्लेवी’ दोनदा वाचलं, जागा मोजली, म्हणाले, “लांब आहे, पण काठाभोवती बसवतो.” मग अगदी बारीक टकटक करत ठिपक्या ठिपक्यांनी नाव उमटवायला लागले. सुरुवात कशानं केली ते मी वाकून बघितलं. कागदावर मी लिहिलं नव्हतं, तरी त्यांनी आधी ‘चि.’ घातलं होतं.